मेंढ्याच्या नावानं सांगितलेलं दुखणं

खंडूभाया माझ्या मालकांचे थोरले भाऊ. आमच्यात नवऱ्याच्या थोरल्या भावाला भाया म्हणतात आणि धाकट्या भावजयीनं भायांशी बोलायचं नसतं. समोर आले की पदर पुढं ओढायचा, वाट सोडायची, नाव तर तोंडानं घ्यायचंच नाही. ते होते तोवर मी त्यांचं नाव कधी घेतलं नाही. आता कागदावर लिहिते. लिहिलेलं कुणाला ऐकू जात नाही.

शहरातल्या लष्करी छावणीच्या पलीकडं आमच्या पत्र्याच्या दोन खोल्या होत्या. एकीत भाया आणि माझ्या थोरल्या जाऊबाई केशरबाई, दुसरीत आम्ही. मधी पत्रा. अंगणात एक शेळी बांधलेली असायची. एका घरात राहून बोलायचं नाही म्हटलं तरी काम अडतं, म्हणून आम्ही दोघं त्या शेळीशी बोलायचो.

“ए शेळे, चहा झाला असंल तर द्या म्हणावं.”

मी आतून शेळीलाच सांगायची, “साखर संपली म्हणावं. गुळाचा चालंल का?”

“चालंल म्हणावं. गुळानं काय घोडं मारलंय?”

शेळी रवंथ थांबवून एकदा इकडं, एकदा तिकडं बघायची. केशरबाई कपाळाला हात लावायच्या. “तिला बिचारीला कुणी इचारलं का, हे समदं ऐकायचंय का म्हणून?”

आमचं मूळ गाव गंगापूरकडं. घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. वाळूजकडं कंपन्या यायला लागल्या तशी चरायची रानं तारेच्या कुंपणात गेली. मेंढरं विकून दोघं भाऊ त्याच कंपन्यांत लागले. भाया म्हणायचे, “आधी हितं मेंढरं चारायचो, आता सायबाचं लोखंड चारतो.” पत्रा दाबायच्या मशीनवर त्यांचं काम. पहिल्या दिवशी भोंगा वाजला तेव्हा ते हातातलं टाकून उठले आणि दोन बोटं तोंडात घालून शीळ घातली. कळप बुजला तर आवरायला घालतात तशी. सगळी शेड बघत राहिली. सुपरवायझर धावत आला. भाया म्हणाले, “सायेब, एवढा आवाज झाल्यावर कुणीतरी पळनारच की.”

खांद्यावर घोंगडी नसली तरी त्यांच्या अंगाला लोकरीचा वास यायचा. दार लावायचं त्यांना पटायचं नाही. मेंढरांच्या वाड्याला काट्यांचं कुडाण असतं, दार कशाला, असं म्हणायचे. माणसाच्या चालीकडं बघायची त्यांना सवय होती. रस्त्यानं कुणी चाललं की म्हणायचे, “ह्याचा मागचा डावा खूर दुखतोय.” मग केशरबाई म्हणायच्या, “अहो, तो मास्तर हाय.” “मास्तरचा डावा खूर.”

दर गुरुवारी छावणीचा बाजार भरतो. शिफ्ट नसली की भाया तिथं जायचे. आपल्याला काही घ्यायचं नसलं तरी जायचे. कळपासाठी मेंढा निवडायचा असला की लोक त्यांना शोधत यायचे. मी भाजी घ्यायला गेले की लांबून बघायची. मेंढ्याच्या मागं उकिडवं बसायचे, एका हातानं शेपूट वर करायची, दुसरा हात खाली घालायचा आणि डोळे मिटून तोंड आभाळाकडं करायचे. बाजूला बायका भाजी विकत असायच्या, पोलीस उभा असायचा. त्यांना कसलीच शरम नसायची.

“डावं अंड बारीक हाय. घेऊ नका.”

विकणारा चिडायचा. “चालतंय की ओ तेवढं!”

“तुला चालतंय. माद्यांना इचार.”

अंड हा शब्द लिहिताना माझा हात अडखळतो. भाया तो भर बाजारात, कोपर म्हणावं तसा म्हणायचे. म्हणूनच पुढं जे झालं त्याचं मला नवल वाटत राहतं.

दुखणं कधी सुरू झालं ते घरात कुणाला कळलं नाही. आधी एवढंच दिसलं की भाया सायकलवर बसत नाहीत. वाळूजला जाताना उभ्यानंच पॅडल मारत जायचे. मग तेही गेलं, सायकल हातात धरून चालत निघायचे. शिफ्टच्या कितीतरी आधी घर सोडायचे. जेवायला बसले की एका कुशीवर कलायचे, मग दुसऱ्या, मग उठून भिंतीला टेकून उभे राहून जेवायचे. कंपनीत लोक टिंगल करायचे. “खंडूभाऊ, खाली काय अंडी घातली का? बसंनात का!” पूर्वीचे भाया असते तर त्यांनी दोन जास्तीच्या शिव्या घालून हसवलं असतं. आता ते खाली बघायचे.

त्याच्या आदल्या वर्षी केशरबाईंना दिवस गेले होते. पण चौथ्या महिन्यात पोट पडलं. लग्नाला बरीच वर्षं झालेली, पहिल्यांदाच राहिले होते. त्या बाई रडल्या, उठल्या, कामाला लागल्या. मूल परत होईल, सगळे म्हणत होते. आणि नेमके भाया अंगणात खाटेवर झोपायला लागले.

पत्र्याची भिंत काही अडवत नाही. एकदा संध्याकाळी मी भाकरी थापत होते आणि पलीकडून केशरबाईंचा आवाज आला. “पाय दाबून देऊ म्हणलं तर एवढं दचकायला काय झालं? मी काय इंगळी हाय का?”

“हात नको लावू.”

“कामून?”

“नको म्हणलं ना.”

 माझी भाकरी तव्यावर करपली.

रस्त्याच्या कडेला तंबू टाकून बसणारे असतात, बाटल्यांत मुळ्या ठेवून, गुप्त रोगांवर इलाज म्हणून फळा लावून. भाया आधी तसल्या एका वैद्याकडं गेले. त्यानं नाडी धरली आणि पहिलाच प्रश्न विचारला, लग्नाआधी काय काय केलं? भायांनी काही केलं नव्हतं. पण इतकं ठामपणे विचारल्यावर माणसाला वाटतंच की काहीतरी केलं असेल. पुडी घेऊन आले. ती पुडी खाऊन तोंड आलं, दुखणं होतं तिथंच.

मग त्यांनी जे केलं ते आमच्याच जातीचा माणूस करू जाणे. ते ढोरांच्या दवाखान्यात गेले. तिथली त्यांची ओळख जुनी, मेंढरं असताना पायरोगाचं औषध तिथूनच आणायचे. नवा तरुण डॉक्टर आला होता. भायांनी त्याला सांगितलं, आमच्या मेंढ्याच्या एका अंडाला दुखतंय. वरून काही दिसत नाही. हात लावला की पाय आखडतो. कधी मांडीपर्यंत कळ जाते, कधी पोटात. चालताना बरं, बसलं की वाईट.

डॉक्टर म्हणाला, “मेंढा आणा, बघू.”

“आनता येत नाय, सायेब.”

“माद्यांनी गाभ टाकलेत का कळपात?”

भाया म्हणाले, “एकीनं टाकलाय.”

“मग तो मेंढा कळपात ठेवू नका. ह्याच्यात रोग असतो, माद्यांना लागतो, त्या गाभडतात. वेगळा बांधा. आणि माझं ऐकाल तर कापून टाका.”

त्या डॉक्टरची काही चूक नाही. त्याला मेंढ्याचं विचारलं, त्यानं मेंढ्याचं सांगितलं. आणि भायांनी आयुष्यभर जनावरांच्याच दुखण्यावरून माणसाचं दुखणं ओळखलेलं. ते घरी आले आणि त्यांनी स्वतःला वेगळं बांधलं.

त्यांनी ताट वेगळं केलं. तांब्या वेगळा. कपडे स्वतः धुवायला लागले, आमच्यापासून लांब, रस्त्यापलीकडच्या नळावर. केशरबाईंची सावली पडली तरी सरकायचे. का, ते सांगायचं नाही. मालकांनी विचारलं तर म्हणायचे, “तू गप बस.”  घरात साप शिरलाय आणि कुठं आहे ते दिसत नाही, तसं मला वाटायचं. केशरबाईंना मात्र दिसलं. त्यांना बाई दिसली.

“कंपनीतली हाय का शहरातली, एवढंच सांगा,” एकदा त्या अंगणात उभ्या राहून म्हणाल्या. “तिच्यापसून काय रोग आनलाय का, त्ये बी सांगा. मी काय मरत नाय ऐकून.”

भाया खाटेजवळ उभे होते. म्हणाले, “बाई नाय.”

“मग?”

 माझ्या डोळ्यांसमोर ते असे उभे होते की मला वाटलं आता बोलतील, ओठ हललेसुद्धा. मग त्यांनी शेळीचं दावं सोडलं आणि पुन्हा बांधलं.

केशरबाईंचा भाऊ गंगापूरहून आला आणि त्यांना घेऊन गेला. जाताना त्या माझ्याशीही बोलल्या नाहीत. पुढच्या गुरुवारी भाऊ बाजाराला आला तेव्हा निरोप देऊन गेला: अमावस्येनंतर पंच बसवतो, काडी मोडू. आमच्यात पंचांसमोर काडी मोडली की नवराबायकोचं नातं तुटतं, बाई दुसरं घर करायला मोकळी. त्याला घाई होती, एक स्थळ बघूनही ठेवलं होतं. मालक भायांशी भांडले. “तुला काय पायजे ते तरी सांग!”

“तिचं भलं व्हऊ दे,” भाया म्हणाले. “माझ्यापशी राहून तिचं वाटोळंच हाय.”

ते खरंच तसं मानत होते. केशरबाईंचा गर्भ आपल्यामुळं गेला आणि परत जाईल, आणि कधीतरी त्याही जातील, असं ते धरून बसले होते. हे आम्हाला कळलं ते दादारावांमुळं.

दादाराव भायांच्या बाजूच्या मशीनवर होते. बौद्ध समाजाचे. त्यांचं गाव आमच्या गावाच्या शिवेला लागून. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला त्या वर्षी गावोगाव जाळपोळ झाली, त्यात त्यांच्या आईचं घर गेलं. आमच्या गावचे लोक जाळायला गेले नव्हते. विझवायलाही गेले नव्हते. कंपनीत ओळख झाल्यावर दादारावांनी एकदाच विचारलं होतं, “त्या राती तू कुठं व्हतास?”

“मेंढरांत.”

“जाळ दिसला का?”

“दिसला.”

 दुसऱ्या दिवशी दादारावांनी म्हणे डबा उघडला आणि भाकरीचा अर्धा तुकडा भायांपुढं ठेवला. बहुतेक बघत असतील, खातो का. भायांनी खाल्ला. तेव्हापासून रोज दोघांचा डबा एकत्र व्हायचा. दादाराव नामांतराच्या मोर्च्यांना जायचे, आमच्या नात्यातले लोक त्याविरुद्ध बोलायचे. डब्यापुरतं दोघं तो विषय काढत नसत.

केशरबाई गेल्यावर एका रविवारी उन्हं कलताना दादाराव आमच्या अंगणाच्या तोंडाशी येऊन उभे राहिले. आत आले नाहीत.

“खंडू, भाईर ये.”

“ये की. बस.”

“बसायला नाय आलो. एक इचारायला आलो. लई दिवस झाले, माझ्या डब्यातलं खाईनास. ग्लास येगळा आनलास. मी पेलो का तू लांब सरकतोस. गावाकडून कुणी कान फुंकले? मोर्च्याला जातो म्हणून माझा इटाळ व्हायला लागला का आता?”

मी दाराच्या आत पीठ चाळत होते, चाळणी हातातच राहिली.

“तसं नाय दादा.”

“मग कसं? तोंडावर सांग. इतकी वर्सं जे करत आले त्यांनी तोंडावर सांगितलं. तू गुमसुम करतोस, त्ये जास्ती लागतं.”

“आरं तुझा इटाळ नाय रं!” भाया ओरडलेच. त्यांचा तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता. “माझा हाय. माझा इटाळ हाय!”

आणि मग सगळं बाहेर आलं. कुठं दुखतं ते, किती दिवस ते, तंबूतला वैद्य, पुडी, ढोरांचा डॉक्टर. बायकोला आणि भावाला जे सांगता आलं नाही ते त्यांनी दादारावांना सांगितलं, कारण रोगी म्हणवून घेणं परवडलं पण दादारावांनी आपल्याला तसला माणूस समजावं हे परवडलं नाही.

 दादाराव हळू म्हणाले, “तू ढोराच्या डॉक्टरकडं गेलास.”

“व्हय.”

“अन् तिथं सोताला मेंढा म्हणून सांगितलंस.”

“व्हय.”

“अन् त्यो म्हणला, कापा.”

“व्हय.”

दादाराव हसायला लागले. हसता हसता खाली बसले, डोळे पुसले. मग म्हणाले, “तुझा त्यो येगळा ग्लास आन.” भायांनी आणला नाही, तर स्वतः उठून खाटेखालचा घेतला, माठातलं पाणी भरून प्यायले. “घे. आता मला बी लागलं. चल, दोघं मिळून माणसाच्या डॉक्टरकडं जाऊ.”

मोठ्या सरकारी दवाखान्यात दादारावच त्यांना घेऊन गेले. पण खोलीत डॉक्टरभोवती शिकणारी पोरं-पोरी उभी होती. “काय होतंय?” म्हटल्यावर भाया म्हणाले, “पोटात दुखतं.” पांढऱ्या गोळ्या घेऊन बाहेर आले. दादाराव रस्ताभर कडकड करत होते. “पोट! तुझं पोट कुठवर हाय रं, घोट्यापत्तोर?”

दुसऱ्यांदा जायचं ठरलं. त्या आजारांचा जुना डॉक्टर ज्या दिवशी बसतो तोच दिवस, आणि तो चुकला तर सगळं अमावस्येच्या पलीकडं जात होतं. नेमका त्या दिवशी नामांतराच्या मागणीसाठी शहर बंद. दादाराव मोर्च्यात. मालकांची शिफ्ट. भाया अंगणात येरझाऱ्या घालत होते. थोड्या वेळानं शेळीपाशी थांबले.

“शेळे, आज काय जानं व्हत नाय म्हणावं. तिथं पाट्याच पाट्या. मला कुठं वाचता येतं?”

चौथीपर्यंत शिकलेली घरात मी एकटी.  मी शेळीला म्हटलं, “पाट्या वाचायला कुणीतरी येतंय म्हणावं.”

रिक्षा नव्हत्या. दुकानं बंद. भाया पुढं, पाय फाकवून जपून चालत, मी मागं पदर ओढून. लांबून घोषणा ऐकू येत होत्या. कोपऱ्यावर पोलिसांनी अडवलं. “कुठं चाललात?”

“दवाखान्यात.”

पोलिसानं माझ्याकडं बघितलं. “बाईला काय झालंय?”

 मला वाटलं, आता म्हणतील, हो, बाईलाच झालंय. किती सोपं होतं. ते म्हणाले, “बाईला काय नाय. मला झालंय.”

दवाखान्यात शेळी नव्हती. मी प्रत्येक दारापाशी उभी राहून भिंतीला पाटी वाचून दाखवायची. “हितं डोळे लिवलंय. हितं हाडं. हितं मूत्रपिंड व मूत्रमार्ग.” भाया शेवटच्या शब्दाला थांबले. घामानं त्यांची पाठ भिजली होती. मी बाकावर बसले, ते उभे. नाव पुकारलं. ते आत गेले, मधी नुसता हिरवा पडदा. बंदमुळं आज शिकणारं कुणी नव्हतं.

“बोला,” म्हाताऱ्या डॉक्टरचा आवाज आला.

 मी पदराचं टोक पिळत होते. मनात म्हणत होते, पोट म्हणू नका, पोट म्हणू नका.

“सायेब,” भाया म्हणाले, “एक मेंढा हाय.”

मला रडू आलं. पण डॉक्टर हसला नाही, चिडला नाही. त्यानं विचारलं, “वय काय मेंढ्याचं?”

“पस्तीसच्या आसपास.”

“बरं. कुठं दुखतं त्याला?”

भायांनी सांगितलं. बाजारात सांगायचे तसं, नीट, एकेक. डॉक्टर मधून मधून विचारत होता. लघवीला जळजळ? ताप? गाठ लागते हाताला? “मेंढा सायकल चालवतो का?”

“वाळूजपत्तोर चालवायचा.”

“दुसरीकडं कुठं जातो का, बायको सोडून?”

“नाय सायेब. आता बायकोकडं बी जात नाय.”

“का?”

मग भाया मेंढा विसरले. “माझ्या केशरचं पोट माझ्यामुळं पडलं, सायेब. खरं सांगा.”

“आधी बघू तर दे. त्या टेबलावर ये.”

रक्त घेतलं, लघवी घेतली. घरात मेंढरं होती म्हटल्यावर जनावरांपासून माणसाला होणाऱ्या तापाचीही तपासणी सांगितली. निकाल यायला वेळ होता. ते दिवस कसे गेले ते मला लिहिता येणार नाही. भाया रोज केशरबाईंचं लुगडं दोरीवर टाकायचे, संध्याकाळी काढून घडी करायचे. ते धुतलेलंच होतं.

निकालाच्या दिवशी मालकही आले होते, पण पडद्याच्या आत भाया एकटेच गेले. डॉक्टरनं सांगितलं, रक्तात काही नाही, लघवीत काही नाही. गाठ नाही. बायकोला लागेल असं काही नाही, तिचा गर्भ तुझ्या दुखण्यानं गेलेला नाही.

“मग दुखतंय कशानं?”

“ते मला सापडलं नाही.”

“म्हंजे मला दुखत नाय?”

“दुखतं. तू खोटं बोलत नाहीस. काही दुखण्यांचं कारण आम्हाला सापडत नाही, म्हणून ती खोटी नसतात. सायकल बंद कर. लंगोट घट्ट बांध. टबात कोमट पाणी घेऊन बसत जा. गोळ्या देतो, आणि परत दाखवायला ये. एकदम बरं होईल असं मी म्हणत नाही. जीवाला धोका नाही, एवढं लिहून देतो.”

भाया बाहेर आले ते आनंदानं नव्हे. कसल्यातरी विचारात होते. घरी येईपर्यंत मालकांना म्हणत राहिले, “नावच नाय म्हणं त्याला. केशरला सांगू तर काय सांगू? नाव नाय म्हणलं तर तिला वाटंल, बाईच हाय.”

अमावस्या झाली. आम्ही तिघं जीपनं गंगापूरला गेलो. वाटेतल्या प्रत्येक खड्ड्याला भायांचा चेहरा पांढरा पडत होता. केशरबाईंच्या भावाच्या अंगणात पंच बसले होते, काडी आणून ठेवली होती. आम्ही बायका दाराच्या आत. केशरबाई माझ्याकडं बघत नव्हत्या.

भावानं बोलायला सुरुवात केली. माझ्या बहिणीला नांदवत नाही, शिवत नाही, बाहेरख्याली आहे. पंचांतल्या म्हाताऱ्यानं विचारलं, “खंडू, तुला काय म्हणायचंय?”

“बस आधी,” कुणीतरी म्हणालं.

“बसवत नाय,” भाया म्हणाले. “त्येच सांगायचंय. माझ्या डाव्या अंडाला दुखणं हाय. दीड वरीस झालं. बाई नाय, रोग लागायचा नाय. दादारावनं नेलं, मोठ्या डॉक्टरनं समदं तपासलं. नाव नाय म्हणला दुखण्याला. आधी ढोराच्या डॉक्टरला इचारलं, त्यो म्हणला लागतं, मी भ्यालो, म्हणून केशरला लांब ठेवलं. मला वाटलं, तिला लागंल. एवढंच हाय. आता मोडायची तर मोडा.”

 एक पंच तंबाखू थुंकायला उठला तो लवकर परत आलाच नाही. केशरबाई माझ्या शेजारून उठल्या, पदर नीट न घेता सरळ पुरुषांत गेल्या.

“दादारावला सांगितलं?”

“व्हय.”

“डॉक्टरला सांगितलं. आता पंचाला सांगितलं. ढोराच्या डॉक्टरला तर समद्यांच्या आधी.” त्यांचा आवाज फाटला. “अन् मी दीड वरीस बाई हुडकत बसले! तुमी कपडे धुता त्या नळावरच्या पोरीला शिव्या दिल्या मी!”

भाया म्हणाले, “तिला काय ठाऊक?”

“तिलाच तर काय ठाऊक नाय! माझ्याकडं बघती अन् पळती!”

म्हातारा पंच हसला, मग दुसरे हसले. काडी कुणी उचलली नाही, पडून राहिली. निघताना तो थुंकायला गेलेला पंच भायांना विहिरीकडं घेऊन गेला. मालकांनी ऐकलं ते असं: “त्या डॉक्टरचा वार कोन्ता म्हणलास?”

केशरबाई परत आल्या. लगेच गोड झाल्या असं नाही. कितीतरी दिवस त्या टबात पाणी काढून द्यायच्या आणि तोंड फिरवून बसायच्या. दुखणं कधी कमी व्हायचं, कधी पुन्हा उठायचं. भायांना कंपनीत उभ्यानं करायचं काम मिळालं. पुढं त्यांना मूल झालं नाही. ते कशामुळं, कुणी सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही.

विद्यापीठाला नवं नाव मिळालं त्या सुमाराला भायांनी कंपनी सोडली आणि दोघं गावाकडं राहायला निघाले. मी आणि मालक एसटी स्टँडवर पोचवायला गेलो होतो. मी त्यांना नीट बघितलं ते तेव्हाच शेवटचं. गाडी अर्धी रिकामी होती. केशरबाई खिडकीशी बसल्या, मांडीवर गाठोडं. भाया त्यांच्या बाकाला धरून उभे. कंडक्टर तिकडून ओरडला, “ओ बाबा, जागा हाय ना, बसा की! उभं राहू नका मधी.”

केशरबाई मान वळवून सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, “त्यांना बसवत नाय. दुखणं हाय त्या जागी. गंगापूरपत्तोर उभेच येतील.”

चार माणसांनी वळून बघितलं. दुखणं लपवणारे भाया असते तर खाली बघितलं असतं. त्यांनी फक्त वरचा दांडा धरला, पाय थोडे फाकवून नीट रोवले आणि गाडी हलली तशी केशरबाईंनी त्यांच्या धोतराचा सोगा मुठीत धरला, मेंढरू पडू नये म्हणून धरतात तसा.